पैनगंगेच्या उतारावर

मनमाडला गाडी बदलली, संस्थानी रेल्वेच्या लहान डब्यात येऊन बसलो आणि मला जी भीती बसली ती पुढे आठ दिवस काही गेली नाही. अठ्ठेचाळीस सालचा वैशाख. डब्यात पाच-सहा माणसं, तीही खिडकीबाहेर बघत बसलेली. एरवी आपल्याकडे गाडीत बसलं की दोन स्टेशनांत समोरच्याचं गाव, पोरंबाळं सगळं कळतं. इथे कोणी कोणाला तंबाखूसुद्धा विचारत नव्हतं.

मी पेशाने कंपाउंडर. घरी नाशिकला मला सगळे भित्रा म्हणतात आणि ते खरं आहे. त्या उन्हाळ्यात मी वऱ्हाडात वाशीमजवळच्या एका छावणीत काम करत होतो. हैदराबाद संस्थानात हत्यारबंद टोळ्यांनी गावंच्या गावं हैराण केली होती, सरकारी अंमलदार तिकडे काणाडोळा करत होते आणि लोक पैनगंगा ओलांडून आमच्या छावणीत येत होते. नदीच्या अलीकडे भारत, पलीकडे संस्थानचा परभणी जिल्हा. हिंगोली तेव्हा परभणीतच होती. लोकांना पलीकडून आणणाऱ्याला संस्थानात सरळ तुरुंग होता. आमच्या छावणीतल्या नर्सबाई फाल्गुनात एका बाळंतिणीला आणायला गेल्या आणि नाक्यावर पकडल्या गेल्या. परभणीच्या तुरुंगात आहेत एवढंच कळलं होतं, पुढे काही नाही.

मग माझ्यावर पाळी कशी आली? वालूर गावचे एक मास्तर छावणीत विषमज्वराने पडले होते. शाळेवर तिरंगा लावल्याबद्दल त्यांच्यावर वॉरंट निघालं, ते रातोरात नदी ओलांडून आले, पण बायको आणि सात वर्षांची मुलगी मागे राहिली. पोलिसांनी बाईंना बजावलं होतं की दर सोमवारी चावडीवर हजेरी द्यायची. एक हजेरी चुकली तर नवऱ्याच्या जागी तुम्हाला आत घालू. मास्तर तापात सारखे मुलीला हाका मारत. त्या दोघींना आणायचं ठरलं. बाकी सगळ्यांचे चेहरे नाक्यावर माहीत झाले होते. छावणीचे चिटणीस माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा चेहरा असा आहे की कोणाला काही संशयच येणार नाही." ही स्तुती होती की काय, मला अजून समजलेलं नाही. नाही म्हणण्याचं धैर्यही माझ्यात नव्हतं, म्हणून मी निघालो.

सरळ नदी ओलांडून जाणं शक्य नव्हतं. म्हणून अकोला, भुसावळ, मनमाड असा वळसा घालून मी औषधांचा फिरता विक्रेता बनून चाललो होतो. हातात नमुन्याच्या बाटल्यांची पेटी. सरहद्दीच्या स्टेशनावर करोडगिरीचे (जकातीचे) शिपाई डब्यात शिरले. एकाने पेटी उघडून एक बाटली काढली, हुंगली आणि विचारलं, "ये काहे की दवा?"

"भूक लागण्याची," मी म्हणालो. माझी बोबडी वळली होती, त्यामुळे ते त्याला दोनदा सांगावं लागलं.

"इथं भूक कमी हाय व्हय लोकान्ला?" दुसरा मराठीत म्हणाला आणि दोघं हसत पुढच्या डब्यात गेले. बाटली मात्र घेऊन गेले.

सेलूला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. स्टेशनाबाहेर सरकीच्या पोत्यांची थप्पी, तिच्या सावलीत दोन बैलगाड्या. वालूरला जाणारा गाडीवान मिळाला. वाटेत एका जळक्या गोठ्यापाशी आल्यावर त्याने बैल जोरात हाकले. दोन्हीकडे काळं रान, नांगरून टाकलेलं, ढेकळं उन्हात तडकलेली. झाड म्हणाल तर बांधावरची बाभूळ. एवढ्या उघड्यावर माणसाला लपायला जागा नाही, हाच विचार माझ्या मनात सारखा येत होता.

वालूर मोठं गाव आहे, बाजारपेठ आहे. एरवी मी तिथली दगडी बारव (पायऱ्यांची विहीर) पाहायला आवर्जून थांबलो असतो. या खेपेला मी मान खाली घालून सांगितलेल्या शिंप्याचं दुकान शोधलं. उस्मानचाचा सत्तरीचे असतील. मशीनवर वाकून खमीस शिवत होते. मी खुणेचा शब्द सांगितला तरी त्यांनी मान वर केली नाही, शिवण पूर्ण केली, दोरा दाताने तोडला आणि मग म्हणाले, "बैठो मियाँ. इत्ता घाबरो नक्को. तुमको देख के मेरेकू डर लगरा."

मी बसलो. त्यांनी कपबशीतून चहा दिला. मास्तरांची मुलगी त्यांच्याच अंगणात खेळून वाढलेली. मी विचारलं, "चाचा, तुम्ही यात पडलात हे कळलं तर?"

"कळलं तर दोनो बाजू से मार खाऊंगा," ते शांतपणे म्हणाले. "पर बच्ची को कल अमीन (फौजदार) ले के गया, तो मैं नमाज में क्या मुँह दिखाऊँ?"

बेत सगळा त्यांनी आणि मास्तरीणबाईंनी मिळून रचला होता. दुसऱ्या दिवशी सोमवार. बाईंनी चावडीवर हजेरी द्यायची, घरी यायचं आणि मुलीला घेऊन निघायचं. मागाहून शेजारीण दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधणार. मुलीला देवी आल्यात असं तीच सगळ्यांना सांगणार. डहाळा बांधलेल्या घरात शिपाई काय, सख्खा भाऊ पाऊल टाकत नाही. म्हणजे पुढच्या सोमवारच्या हजेरीपर्यंत सात दिवस मोकळे. तेवढ्यात पैनगंगा गाठायची, आणि ती एका धनगराच्या कळपाबरोबर चालत. त्या म्हाताऱ्याकडे चराईचा परवाना होता. त्यावर पाच माणसं लिहिलेली: तो, बायको, सून, नात आणि एक गडी. सून आणि नात वालुरातच राहणार होत्या. त्यांच्या जागी मास्तरीणबाई आणि मुलगी. गड्याच्या जागी मी.

धनगरांचा तळ गावाबाहेर एका शेतात होता. शेतकऱ्याने खतासाठी मेंढ्या बसवून घेतल्या होत्या. दीडेकशे मेंढ्या, एक तट्टू, पाठीवर घोंगड्या नि भांडी, आणि एक कुत्रा. त्याचं नाव भुऱ्या. मला कुत्र्यांची लहानपणापासून धास्ती आहे. भुऱ्या वासराएवढा होता आणि त्याने मला पाहताच दात दाखवले.

म्हातारबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ते उंच, वाळलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्यांच्या बायकोला सगळे ठकूबाई म्हणत. तिने माझा सदरा, धोतर, चष्मा सगळं काढून घेतलं, उस्मानचाचांनी शिवलेली बंडी नि एक मळकं धोतर दिलं आणि खांद्यावर घोंगडी टाकली.

"चालन्यावरून वळकू येतंय तुमी कोन हायेत," ती म्हणाली. "पाय वडत चाला. आन् ह्ये बगा दादा, सांजच्याला भुऱ्याला तुमच्या हातानं भाकर चारायची. हातानं. त्येच्या तोंडात. नाक्यावर मानूस काय बोलतो त्ये कोन ऐकत न्हाई. कुत्रं काय म्हंतं त्ये बघत्यात."

मी मान डोलावली. चष्मा नसल्याने मला भुऱ्याचे दात नीट दिसत नव्हते, तेवढंच समाधान.

मास्तरीणबाई दुपारी घागर घेऊन बारवेवर गेल्या आणि तिथून घागरीसकट रानात आल्या. मुलगी, शकू, त्यांच्या बोटाला धरून होती. त्यांचा माझ्यावर विश्वास कसा बसावा? मास्तरांनी मला एक खूण सांगितली होती. "शकूच्या बारशाला पाळण्याची दोरी तुटली होती आणि तुम्ही तीन दिवस मास्तरांशी बोलला नव्हतात," मी म्हणालो.

बाई एकदम खाली बसल्या आणि रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "भाऊ, चार दिवस. तेवढंही त्यांना नीट आठवत नाही." ठकूबाईने त्यांना आपलं लुगडं नेसवलं, हातातल्या काचेच्या बांगड्या काढून जाड कथलाच्या घातल्या आणि आम्ही निघालो.

पहिले दोन दिवस मी रस्त्याकडे पाहिलंच नाही, फक्त समोरच्या मेंढीचे खूर पाहिले. धनगरी वहाणांनी पायाला फोड आले ते फुटले, पुन्हा आले. मेंढ्या सकाळी चालत, उन्हं चढली की सावलीत एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहत, तिसऱ्या प्रहरी पुन्हा चालत. गावं आली की आम्ही बाहेरून जायचो. तरी शेतकरी धावत यायचे. "म्हातारबा, दोन दिस आमच्या वावरात बशीव की मेंढरं! जवारी देतो." म्हातारबा प्रत्येकाला हात जोडून सांगायचे, "येताना बसवू मालक. आत्ता लोकर उतरवायला जायलोय." मला वाटायचं, याला कळलंच. म्हातारबा चार पावलं पुढे जाऊन गाणं गुणगुणायला लागलेले असायचे.

जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा आणि मेंढीचं दूध. एखाद्या दिवशी कोरड्यास (भाकरीबरोबरचं कालवण) असलं तर मोठी चैन. मास्तरीणबाईंनी पहिल्याच दिवशी ठकूबाईच्या ताटात हात घालून जेवायला सुरुवात केली. मी मात्र जेवता जेवता रस्त्याकडे बघत असायचो. संध्याकाळी ठकूबाई माझ्या हातात भुऱ्याची भाकरी द्यायची. मी ती घेऊन तळाच्या टोकाला जायचो, आसपास कोणी नाही असं बघायचो आणि दहा हातांवरून भुऱ्यापुढे फेकायचो. तो ती खायचा, माझ्याकडे बघून गुरगुरायचा आणि शकूकडे पळायचा. शकू त्याच्या पाठीवर डोकं ठेवून पडायची. ठकूबाईने विचारलं की मी सांगायचो, "चारली, मावशी." रोज सांगायचो. एका भाकरीने असं काय होणार आहे, असं मला वाटे.

तिसऱ्या दिवशी जिंतूरच्या अलीकडे डोंगर लागले. काळं रान संपून मुरूम, करवंदीच्या जाळ्या, पळसाची झाडं. जरा सुटल्यासारखं वाटत होतं, तोच मागून लॉरीचा आवाज आला. वर बंदुका घेतलेली दहा-बारा पोरं. लॉरी आमच्या कळपाशेजारीच थांबली. त्यांच्यातल्या एकाने उडी मारली, एक धष्टपुष्ट नर निवडला, पाय बांधून वर फेकला. म्हातारबा हात जोडून उभे होते. मग त्या पोराची नजर शकूकडे गेली.

"काय ग, कुठं जायलीस?" त्याने विचारलं.

शकूने आईकडे पाहिलं. तिच्या तोंडून मास्तरांच्या घरातल्या शुद्ध बोलीतलं एक वाक्य बाहेर पडलं असतं तर सगळं संपलं होतं. ठकूबाई झटकन म्हणाली, "मुकी हाय, बाबा. जल्मापासून." तो पोरगा क्षणभर ओशाळला, त्याने खिशातून शेंगदाणे काढून शकूच्या ओंजळीत टाकले आणि लॉरी निघून गेली. शकूने ते शेंगदाणे तसेच मुठीत धरून ठेवले. आणि त्यानंतर ती पोर खरोखरच बोलायची थांबली. आजूबाजूला चिटपाखरू नसलं तरी ती खुणेने पाणी मागायची. तिची आई तिच्या कानाशी लागून म्हणायची, "आता बोल गं, कोणी नाही." ती मान हलवायची. त्या पोरीला माझ्याहून जास्त कळत होतं.

पूर्णा नदी आम्ही पाचव्या दिवशी ओलांडली. पाणी गुडघ्याएवढं, तळाचे गोटे दिसत होते. एरवी मी या नदीचं, डोंगरातून वळत येणाऱ्या तिच्या पात्राचं पानभर वर्णन केलं असतं. मला आठवतं ते एवढंच की मी पाण्यात उभा राहून मोजत होतो, शनिवार, रविवार, सोमवार. सोमवारी वालुरात हजेरीला बाई आल्या नाहीत की अमीन घराशी जाणार. लिंबाचा डहाळा तो आणखी एक दिवस मानेल, दोन मानेल. मग तारा सुटतील आणि प्रत्येक नाक्यावर आमची वाट बघतील. मला तेव्हा नर्सबाईंची फार आठवण झाली. त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या, त्यांनी कधी कुठे चूक केलेली मला माहीत नव्हती, आणि त्या पकडल्या गेल्या.

त्या दिवशी मी म्हातारबांना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लय वाटती की," ते म्हणाले. "पर मेंढरं हायेत ना म्होरं. त्येंच्या मागं चालता चालता भ्या बी मागंच ऱ्हातं."

"मग तुम्ही नेहमी सगळ्यांच्या मागून का चालता? ठकूमावशी पुढे असतात."

"म्होरं हाक मारनारं मानूस पायजे आन् मागं लंगडं-पांगळं बघनारं. मेंढका मागंच आसतो. शेवटलं मेंढरू पानी उतरल्याबिगर त्यो उतरत न्हाई." हे सांगून ते एका मागे राहिलेल्या कोकराला उचलून घ्यायला वळले.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास पैनगंगा दिसली. काठाला उंच दरडी, मध्ये मोठा डोह आणि डोहाच्या खालच्या अंगाला उतार (नदी पायी ओलांडायची जागा). उताराचं पाणी मांडीभर, रुंदी फार तर शंभर पावलं. पलीकडच्या काठावर वऱ्हाडातली जांभळीची झाडं. तिथे उभा असलेला एक माणूस म्हैस धूत होता. तो स्वतंत्र देशात म्हैस धूत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

अलीकडे नाक्याची कुडाची खोली, तीन शिपाई नि एक जमादार. जमादार आमच्यासारखाच मराठी बोलणारा, कपाळाला गंध लावलेला गृहस्थ होता. म्हातारबांनी परवाना दाखवला. लोकर कातरायच्या आधी मेंढ्या धुवाव्या लागतात, त्यासाठी धनगर या डोहावर येत आणि लोकर घेणारा व्यापारी पलीकडच्या गावात असे. हे दरसालचं होतं. जमादाराने परवाना वाचला, माणसं मोजली. पाच. मला वाटलं झालं. त्याने परवाना परत द्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"म्हातारबा, माझ्या बापाचीबी मेंढरं व्हती," तो म्हणाला. "कुत्रं लय झ्याक हाय तुमचं. जरा एकेकानं हाक मारा बरं त्येला. दूर उभं ऱ्हाऊन."

ठकूबाईने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

मास्तरीणबाईंनी हाक मारली. भुऱ्या शेपूट हलवत गेला. शकूने हाक मारली नाही, ती मुकी होती. तिने नुसता हात पुढे केला आणि तो तिच्या अंगावर पडला. जमादार हसला. मग माझ्याकडे वळला. "गडी. तू मार."

"भुऱ्या," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "भुऱ्या, ये."

भुऱ्या उभा राहिला. त्याने कान मागे घेतले, दात दाखवले आणि तो गुरगुरला. सात दिवस मी ज्या अंतरावरून त्याला भाकरी फेकत होतो, तेवढ्याच अंतरावरून.

जमादाराच्या तोंडावरचं हसू गेलं. "ह्यो कोन हाय?" तो म्हणाला आणि शिपायांकडे वळला. त्या वळण्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात म्हातारबांनी जिभेने एक विलक्षण आवाज काढला. ठकूबाईने पुढून हाक दिली आणि दीडशे मेंढ्या एकदम उतारात घुसल्या. दरडीमधली वाट अरुंद. शिपाई आणि आम्ही यांच्यामध्ये मेंढ्यांचा नुसता लोंढा. धुरळा, पाणी, ओरडा. मी पळालो.

इथे मला खरं लिहिलं पाहिजे, कारण आजवर मी ते कोणाला सांगितलेलं नाही. मास्तरीणबाई माझ्या पुढे होत्या. त्यांचं लुगडं पाण्याने जड झालं होतं, शकू त्यांच्या हाताला लोंबकळत होती, एका मेंढीच्या धक्क्याने ती पाण्यात पडली. मी तिच्या अगदी शेजारून गेलो. मी तिला पाहिलं आणि थांबलो नाही. मागे बंदुकीचा एक बार झाला, तो कोणाला लागला नाही. शकूला ठकूबाईने वळून उचललं, काखेत मारलं आणि पलीकडे आणलं. मी तोवर जांभळीच्या झाडाला धरून धापा टाकत होतो. सगळ्यांत पहिला मी पोचलो होतो.

वळून पाहिलं तेव्हा पलीकडच्या काठावर फक्त एक लंगडी मेंढी उरली होती. म्हातारबा तिच्या मागे, तिला ढकलत होते. पाणी त्यांच्या घोट्यालाही लागलं नव्हतं. ती पाण्यात शिरली, आणि शिपायांनी त्यांना दोन्ही दंडांना धरलं. त्यांनी हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. मेंढी पार होईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना खोलीत नेलं.

छावणीत आमचं स्वागत झालं. मास्तरांचा ताप त्याच आठवड्यात उतरणीला लागला होता. शकू त्यांच्या खाटेशी गेली आणि एकदम बोलायला लागली ती थांबेचना. लोकांनी मला हार घातला. मी तो घालून घेतला. गळ्यात तो हार असताना मला कोणाच्याही डोळ्याकडे बघवत नव्हतं.

ठकूबाई मेंढ्या एका ओळखीच्या धनगराच्या हवाली करून छावणीच्या कचेरीत येऊन बसली. तिथे पकडलेल्या कार्यकर्त्यांसाठी एक वकील अर्ज लिहीत. अर्जाने कोणी सुटत नसे, तरी एक गोष्ट होई. ज्याचं नाव कागदावर संस्थान सरकारकडे गेलं, त्याच्याबद्दल "असा कोणी आमच्याकडे नाही" असं म्हणता येत नसे. तसं ज्यांच्याबद्दल म्हटलं गेलं, त्यातले काही पुन्हा दिसले नाहीत. नर्सबाईंचा अर्ज वेळेवर गेला होता, म्हणून त्या तुरुंगात तरी होत्या.

वकिलांनी लेखणी उचलली. "नाव?"

सांगायला मी पुढे झालो. सात दिवस मी त्यांची भाकरी खाल्ली, त्यांची घोंगडी पांघरली. म्हातारबा, एवढंच मला माहीत होतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मास्तरीणबाईंनीही मान हलवली. गावातही त्यांना म्हातारबाच म्हणत. परवाना जमादाराकडे राहिला होता. वालुरात माणूस पाठवून विचारून यायचं तर आठवडा जाणार.

सगळ्यांनी ठकूबाईकडे पाहिलं. तिने पदर पुढे ओढला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे आपल्याकडेही आहे, पण आपल्याकडे ते हळदीकुंकवाच्या हसण्यावारी चाललं आहे. तिच्याकडे तसं नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने ते कधी उच्चारलं नव्हतं. नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. आणि अर्जात नवऱ्याच्या नावापुढे 'वल्द' लावून त्याच्या बापाचं, म्हणजे सासऱ्याचंही नाव लागणार होतं.

"मावशी," वकील म्हणाले, "नाव नाही दिलं तर त्यांना मारूनही टाकतील आणि आपल्याला कळणार नाही."

"आन् म्या नाव घेतलं तर?" ती म्हणाली. वकिलांना दुसरी कामं होती, ते उठून गेले. लेखणी मी घेतली. बाहेर कोणीतरी सरपण फोडत होतं. अखेर ती उठली, भिंतीकडे तोंड केलं, डोक्यावरून पदर पूर्ण ओढला आणि एका दमात म्हणाली,

"हनमंता वल्द बिरा, जात धनगर, मौजे वालूर, जिल्हा परभणी." आणि भिंतीला धरून खाली बसली. "लिवलं का? म्या परत सांगनार न्हाई."

"लिहिलं, मावशी," मी म्हणालो.

अर्ज त्याच दिवशी गेला. म्हातारबा सुटले ते पावसाळ्याच्या शेवटी, संस्थान भारतात विलीन झाल्यावर. नर्सबाईही त्याच सुमारास बाहेर आल्या. छावणीतली माणसं आपापल्या गावी परत जायला निघाली. मीही निघालो, पण घराकडे नाही. आधी वालूरला गेलो. या खेपेला रस्त्याने, उघड्या तोंडाने गेलो, तरी जुन्या सवयीने दर वळणावर मागे वळून बघत होतो. रानात ज्वारी कमरेएवढी वाढली होती. उस्मानचाचांचं दुकान बंद होतं. ते लेकीकडे गेलेत, तिकडेच राहतील, असं शेजारचा म्हणाला आणि लगेच दुसरं काही बोलायला लागला. मी पुढे विचारलं नाही. चाचांचं 'दोनो बाजू से मार' मला आठवलं होतं, विचारायला हवं होतं.

म्हातारबा तळावर बाजेवर बसले होते. खूप खंगले होते, दोन दात गेले होते. ठकूबाईने भाकरी वाढली. मी त्यांना पाण्यातली गोष्ट सांगायला आलो होतो, शकूच्या शेजारून मी कसा गेलो ते. तोंड उघडायच्या आत ते खुशीत म्हणाले, "पावनं, तुरुंगात यक गंमत झाली. कारकून येऊन म्हनला, हनमंता वल्द बिरा कोन? वरून कागद आलाय. तवापासून मला मारायचं बंद झालं. पर मला कळंना, माझं नाव तिकडं कुनाला ठावं?" मग त्यांनी चांगल्या डोळ्याने ठकूबाईकडे पाहिलं. "काय गं? तू तर न्हाई घेतलंस?"

ठकूबाईचा भाकरीवरचा हात थांबला. पदराआडून तिने माझ्याकडे पाहिलं.

"मी दिलं, म्हातारबा," मी म्हणालो. "मला ठाऊक होतं."

"तुमाला?" ते म्हणाले. त्यांचं तोंड एवढं फुललं की गेलेल्या दातांच्या खिंडी दिसल्या. "अगं, ऐकलंस का? पावन्यान्ला माझं नाव ठावं व्हतं!" आणि ते उठून शेजारच्या वावरात बसलेल्या माणसांना ते सांगायला गेले.